आलत्याचा दोरा, हळदीचा दोरा

कोलकात्यातल्या बेहालाच्या त्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, तेव्हा घरमालकांच्या आधी माझी ओळख त्यांच्या अक्षराशी झाली. न्हाणीघरातल्या गीझरच्या पोटाला एक कार्ड चिकटवलेलं होतं. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, आणि तिच्यावर निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तसं टपोरं लिहिलेलं: 'दोष: पाणी कोमट. कारण: घाई. उपाय: दहा मिनिटं थांबणे.' दाराच्या कडीजवळ दुसरं: 'दोष: कडी सैल. कारण: आधीचे भाडेकरू जोरात लावत. उपाय: हळू.' मी बँकेच्या बदलीवर नाशिकहून आलेली, सामान अजून गोणपाटात, आणि घर मला वाचून दाखवत होतं की माझ्या आधी इथे कोण काय चुकलं. मला तेव्हाच चालतं व्हावंसं वाटलं होतं. नाही झाले, हे माझं नशीब.

घरमालकांना मी काका म्हणत असे. आजोबांच्या काळापासून त्यांचं घराणं कोलकात्यात. मूळचे साताऱ्याकडचे, पण सातारा त्यांनी जन्मात एकदा पाहिला होता आणि 'चढ फार' एवढंच त्यांचं त्याबद्दल मत होतं. एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी त्यांच्या आजीचं होतं, ट्रंकेत घडी घालून ठेवल्यासारखं. मी 'तुम्हाला नंतर कॉल करते' म्हटलं की ते चष्म्यावरून बघत. "हाक मारशील की फोन करशील? तुम्हा तिकडच्या लोकांचं मराठी बिघडलंय. आणून टाक एकदा खाली, बघतो."

खाली म्हणजे त्यांची पुढची खोली. तिला पाटी नव्हती आणि ती दुकानही नव्हती, पण गल्लीतले पंखे, मिक्सर, रेडिओ आणि पूजेच्या मांडवातले भोंगे तिथे येऊन रांगेत बसत. काका त्यांना पेशंट म्हणत नसत. पेशंट, त्यांच्या मते, यंत्र घेऊन येणारा माणूस. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणत. "खोटं बोलतो तो मालक. म्हणून आधी त्याला तपासायचं."

ही तपासणी मी जिन्यात उभी राहून कितीदा ऐकली आहे. पंखा शेवटचा नीट कधी फिरला? त्या दिवशी घरात पाहुणे होते का? कोणी त्याच्यावर कपडे वाळत घातले होते का? तीन घरं सोडून राहणाऱ्या एका गृहस्थांनी बंद पडलेल्या मिक्सरला चार रट्टे घातले होते. काकांनी मिक्सर मांडीवर घेतला, त्याच्यावरून हात फिरवला आणि बंगालीत विचारलं, "मारलंत?" गृहस्थ मानेने हो म्हणाले. "मग त्याला सांगा, चुकलं म्हणून." त्या बिचाऱ्यांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. ते मिक्सरकडे बघून पुटपुटत 'आमार भूल' म्हणाले, तेव्हा कुठे काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. गल्लीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या खोलीत एखाद्या इस्त्रीची किंवा टेबलफॅनची माफी मागितलेली होती.

स्वतः काकांनी मात्र कुणाचीच मागितलेली नव्हती. काकीमा, म्हणजे त्यांची बायको, शेजारच्याच गल्लीतली बंगाली. लग्नानंतर सासूकडून मराठी शिकली. तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग असला भेद नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडतही नसे. "तुझा काका कधी चुकत नाही," ती मला चहा देता देता म्हणे. "भिंत चुकतो. पाऊस चुकतो. सरकार तर रोज चुकतो. काका नाही."

काका यावर हसत नसत. त्यांना ते साधं सत्य वाटे.

दुरुस्तीचा त्यांचा क्रम ठरलेला. आधी कान, मग नाक, मग डोळे, हात सगळ्यात शेवटी. ऐकायचं, जळका वास येतो का बघायचं, मग पाहायचं, आणि एवढं करून काही कळलं नाही तरच उघडायचं. कानांचा त्यांना जाचही होता. एकदा माझ्याबरोबर मिनीबसने येताना ते दोन थांबे आधीच उतरून गेले. मी मागून धावत जाऊन विचारलं, काय झालं? "त्या गिअरबॉक्सचे हाल ऐकवत नाहीत," म्हणाले, आणि उरलेली वाट उन्हात चालले. बरोबर मीही चालले.

आणि तारांना खूण करायची त्यांची पद्धत. अशी पद्धत मी दुसऱ्या कुठल्याही माणसाकडे पाहिली नाही आणि दिसणारही नाही. लोक लाल तार, काळी तार वापरतात. काका मिळेल ती तार वापरत, आणि जोडण्याआधी तिला सुती दोरा बांधत. अधिकाच्या तारेला आलत्यात बुडवलेला लाल दोरा, उण्याच्या तारेला हळदीत भिजवलेला पिवळा. आलता म्हणजे काकीमा पायांना लावते तो लाल रंग, आणि हळद काकांच्या आईच्या देवघरातली. लग्न झालं त्या वर्षी घरात दोन्ही एकत्र नांदू लागलं आणि तेव्हापासून ही रीत. त्यातही काटकसर होती: दोन तारांपैकी एकीलाच दोरा बांधायचा. लाल असेल तर ती अधिक, पिवळा असेल तर ती उणे. "एकीचं कळलं की दुसरीचं आपोआप कळतं," ते म्हणत. ज्या दिवशी जो रंग हाताशी असेल तो.

ही सगळी शिस्त, हा सगळा ताठा मला मनापासून आवडत असे. मी एकटी राहत होते. घरी परतल्यावर कुणीतरी आपलं मराठी सुधारतंय, याचाही आधार वाटतो हे तिथे कळलं.

आता पेटीबद्दल.

मी बेस गिटार वाजवते. कॉलेजात शिकले, नोकरीत सोडली, कोलकात्यात एकटेपणाने पुन्हा हातात घेतली. चार वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात गाण्यांचा कार्यक्रम ठरवला आणि मला वाजवायला बसवलं. बेससाठी मंडळाची जुनी स्पीकरची पेटी होती. काळ्या रेक्झिनची, कोपऱ्यांना लोखंडी पत्रे, आत वर-खाली दोन बारा इंची स्पीकर. मखराच्या चौकटींमागून दोघा माणसांनी ती ओढून काढली. तालमीत मी पहिली ओळ वाजवली, आणि मलाच ऐकू आली नाही. आवाज वाढवला, तर पेटीतून पत्र्यासारखी कुरकुर आली, पण खालचा, छातीत बसणारा सूर काही आला नाही. पुन्हा वाजवलं, तेच झालं.

सेक्रेटरी हसले. म्हणाले, "पेटीत दोष नाही, बोटांत दोष आहे." आणि सगळी तालीम हसली. मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या बायकाही.

मला काही कळेना. मग कुणीतरी सांगितलं की हे मंडळातलं जुनं वाक्य आहे. मोदक फसले, नाटकात कुणी संवाद विसरलं, की म्हणायचं असतं. तीस वर्षांत पाच बेसवाले येऊन गेले आणि पाचांच्याही बोटांत दोष निघाला. मी सहावी. हसण्यावारी नेलं, पण परतताना मेट्रोत माझी बोटं मी कितीदा उलटी-सुलटी करून पाहिली ते मलाच माहीत.

काकांना सांगितलं, तर ते चक्क खूश झाले. "अजून म्हणतात का? माझं वाक्य आहे ते."

तेव्हा मला गोष्ट कळली. तीसेक वर्षांपूर्वी मंडळाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. आवाजाची व्यवस्था काकांकडे, आणि बेसवर त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, बागबाजारला राहणारा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पेटीचा खालचा स्पीकर फाटला, म्हणून काकांनी नवा बसवला. संध्याकाळी भरल्या सभागृहात मित्राचा बेस कुणालाच ऐकू येईना, गाणारी ताल चुकली, गाणं मध्येच थांबवावं लागलं. मित्र म्हणाला, पेटीत काहीतरी झालंय. काका म्हणाले ते वाक्य. माइक चालू होता. लोक हसले. मित्राने गिटार खोळीत भरली, मागच्या दाराने निघून गेला आणि पुन्हा मंडळात आला नाही. इकडेही नाही.

"मग तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"मी कशाला? मी पेटी तपासली होती."

एके काळी आपल्याच मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने या शहराने बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता, असं तिथली जुनी माणसं मराठी माणूस दिसला की चेष्टेने सांगतात. तो खंदक केव्हाच बुजला, त्यावरून रस्ते गेले. या दोघांनी आपला तेवढा उघडा ठेवला होता.

मी हट्टाला पेटले. मला पेटीचं पडलं नव्हतं. माझ्या बोटांबद्दल खरं काय ते कळायला हवं होतं. रविवारी छोटा टेम्पो करून पेटी बेहालाला आणली. काकांनी तिला बघून तोंड फिरवलं. "हिच्यात माझं कार्ड आहे. दोष: नाही, असं लिहिलेलं. उगाच उघडायची नाही."

"उघडू नका. कानांनी सुरुवात करा," मी म्हटलं.

हा त्यांचाच क्रम होता. मी वाजवू लागले आणि ते पेटीपुढे मांडी घालून बसले, डोळे मिटून. मग पाण्याच्या रबरी नळीचा तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक पेटीच्या कडांवरून फिरवत नेलं. पत्र्यासारखी कुरकुर मागच्या बाजूला, वायर खुपसायच्या खोबणीच्या पट्टीत सापडली. एक स्क्रू सैल. तो आवळला, कुरकुर गेली. "झालं!" म्हणाले. पण आवाज पातळच. मग नाक: जळका वास नाही. मग डोळे: उदबत्ती पेटवून सांध्यांजवळ धरली आणि मला सर्वात खालची तार छेडायला सांगितली. कुठून हवा निसटत असेल तर धूर फुंकल्यासारखा उडतो. एका सांध्याशी धूर हलला, तिथे रबराची पट्टी बसवली. तरी आवाज पातळ. काकांच्या कपाळावर मी पहिल्यांदा घाम पाहिला.

"हात," मी म्हटलं.

पेटीच्या पाठीला बारा स्क्रू होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लाखेचा थेंब. प्रत्येक थेंबावर काकांच्या अंगठ्याचा ठसा. आपलं काम कुणी मागाहून उघडलं तर कळावं म्हणून. बाराही ठसे शाबूत होते. ते मोडत त्यांनी पाठ उघडली. आत, काळोखात तीस वर्षं ठेवलेलं कार्ड अगदी ताजं होतं. 'दोष: नाही.'

त्यांनी टॉर्चमधला सेल काढला. स्पीकरच्या तारांना क्षणभर सेल लावला की कागदी पडदा उडी मारतो. अधिकाला अधिक लागलं असेल तर बाहेर, उलटं लागलं असेल तर आत. लाल दोऱ्याच्या तारेला सेलचं अधिक टोक लावलं आणि वरच्या स्पीकरचा पडदा टुपकन बाहेर आला. मग सेल तसाच खालच्या स्पीकरच्या तारांना लावला, अधिक टोक लाल दोऱ्याला. खालचा पडदा आत गेला.

काकांनी पुन्हा लावून पाहिलं. वरचा बाहेर, खालचा आत.

एवढं तर मलाही कळलं. एक हवा पुढे ढकलतोय, दुसरा तीच हवा मागे ओढतोय. वरचे सूर थोडेफार निसटतात, पण खालचा मोठा सूर पेटीतून निघायच्या आधीच संपतो. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. मला नाचावंसं वाटत होतं. काकांचा चेहरा बघून बसून राहिले.

"मध्ये कुणीतरी उघडली," ते म्हणाले. मग फरशीवर पडलेले लाखेचे तुकडे त्यांनी पाहिले. आपलेच ठसे. कुणीही उघडली नव्हती.

"पण दोरा लाल आहे," ते म्हणाले. खरंच होता. वरच्या स्पीकरच्या तारेला लाल दोरा, खालच्याच्या तारेलाही लाल दोरा, आणि दोन्ही पेटीच्या अधिकाच्या टोकाला जोडलेले. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं बरोबर.

काकीमा दारात उभी राहून बघत होती. पदराला हात पुसत पुढे आली, वाकली. "हा लाल माझा आलताचा नाही," ती म्हणाली. "वरचा माझा. खालचा विटासारखा लाल आहे. त्या दिवशी आलता संपला होता ना? तू सासूबाईचा हळद मागून नेला. मला आठवतो. आणि तेव्हा तू पान खात होतास. दिवसात दहा. बोट सगळा चुन्याचा."

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे ज्या माणसाने शाळेत वर्षानुवर्षं मुलांना परीक्षानळीत दाखवलं होतं, त्याला हे समजायला तिने पुढचं काही बोलण्याची गरज नव्हती. पण काकीमा थांबणारी नव्हती. आतून अर्धं कापलेलं गंधराज लिंबू घेऊन आली. वरच्या दोऱ्यावर दोन थेंब पिळले. लालचा लाल राहिला. खालच्या दोऱ्यावर पिळले. आधी कडेने, मग सगळाच, तो दोरा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

पिवळा म्हणजे उणे. सकाळी त्यांनी उण्याच्या तारेला हळदीचा दोरा बांधला, पान लावलेल्या बोटांनी. जेवून परत आले तोवर तो लाल झालेला. लाल म्हणजे अधिक. आणि जोडून टाकला.

पान त्यांनी वीस वर्षांपूर्वी सोडलं होतं. तरी ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

तारा बदलायला दोन मिनिटं लागली. मी खालची तार छेडली आणि खिडकीची काच, शेल्फावरचे रेडिओ, काकीमाचा स्टीलचा पेला, सगळं थरथरलं. मी रडले, खोटं कशाला सांगू. काका उठून आत गेले. कार्ड लिहिलं नाही. कार्ड न लिहिता त्यांनी काम सोडलेलं मी तेव्हाच पाहिलं. तीन दिवस पुढची खोली बंद होती. गल्लीतल्या लोकांनी मला विचारलं, तब्येत बरी आहे ना? काकीमा म्हणाली, "आजारी नाही. शिकतोय."

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यातून हाक आली. "टेम्पो बोलाव. आणि तुझी गिटार घे."

"कुठे?"

"कुठे काय! बागबाजार."

शहर ओलांडायला तासाहून जास्त लागला आणि सबंध वाट त्यांनी मित्राचे दोष सांगितले. वेळेवर कधी येत नसे. चहात साखर इतकी घालायचा की चमचा उभा राहील. शाळेत भूमितीची वही काकांचीच उतरवायचा. मी नुसतं हं हं करत होते. मला कळत होतं की हे धीर गोळा करण्याचं काम चाललंय.

बागबाजारचे काका, मी त्यांना पुढे असंच म्हणू लागले, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एकटे राहत. दाढी वाढलेली, गुडघ्याला पट्टा. दार उघडलं, काकांना पाहिलं, मग त्यांच्या मागे मी आणि टेम्पोवाल्याने धरलेली पेटी पाहिली.

"पेटी कशाला आणलीस?" ते म्हणाले. "मी वाजवत नाही."

"आत तर येऊ दे. जड आहे."

आत बसल्यावर काकांनी धडा सुरू केला. हळद म्हणजे काय, चुना म्हणजे काय, दोन्ही भेटले की काय होतं, लिंबाने ते कसं उलटतं. सोबत दोऱ्याचा तुकडा आणला होता तो दाखवला. दोन स्पीकर, दोन पडदे, एक आत, एक बाहेर. फळा असता तर आकृती काढली असती. बागबाजारच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तारा उलट्या होत्या."

"उलट्या होत्या."

"कोणी जोडल्या?"

काकांनी पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी मदत करणार नव्हते. गल्लीतल्या मिक्सरांची आणि इस्त्र्यांची सगळी मंडळी मला त्या वेळी आठवत होती.

"मी," ते म्हणाले.

बागबाजारच्या काकांनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा आवळला. मग बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "लोक हसले त्याचं मला काही नव्हतं रे. लोक काय, हसतात. पण तू म्हणालास. तू कधी चुकत नाहीस. म्हणून मला ते खरं वाटलं. घरी आलो, गिटार भाच्याला देऊन टाकली. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या बोटांत काही नाहीच."

"चुकलं माझं," काका म्हणाले. इतकं हळू, की मला ते ओठांवरूनच समजलं. "ऐकलंस का? चुकलं."

"ऐकलं. माझ्या कानांत दोष नाही."

मी माझी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. नको नको म्हणाले, पण हात आधीच तारांवर गेले होते. बोटं आखडलेली. जागा शोधायला वेळ लागला. मग त्यांनी सर्वात खालची तार छेडली. फळीवरची भांडी वाजली, पलंगाखालची ट्रंक घुमली, जमिनीतून तो सूर माझ्या तळपायांत आला. सूर विरेपर्यंत ते हललेच नाहीत.

"एवढा होता माझा आवाज?" त्यांनी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुष्कळ वेळ पुसला.

पेटीची पाठ तात्पुरतीच लावली होती. ती उघडून काकांनी खिशातून नवं कार्ड काढलं. दोष आणि कारण लिहून आणलेलं होतं, उपाय कोरा होता. "हे तू लिही," म्हणाले. "आणि नीट विचार करून लिही. लिहिला की करावा लागतो." तो त्यांचा नियमच होता. कार्डावर उपाय लिहिला की तो कुणी ना कुणी करायचाच. बागबाजारच्या काकांनी पाठ वळवून काहीतरी खरडलं, मला दाखवलं नाही, स्वतः आत चिकटवलं. पाठ लावली. लाखेच्या थेंबांवर या वेळी ठसे त्यांच्या अंगठ्याचे.

त्या वर्षी मंडळात मी वाजवलं आणि कुणीही ते वाक्य म्हटलं नाही. पण ही गोष्ट कार्यक्रमाची नाही.

त्यानंतर काका दर रविवारी सकाळी घराबाहेर पडू लागले. विचारलं तर म्हणत, मेट्रो बघून येतो, तिच्या चाकांचा आवाज सुधारलाय का ते ऐकायचंय. दुपारी परत येत ते कुरकुरत. "साखर! अरे साखर किती!" तीन वर्षं हे चाललं. काकीमा कुणाकडची साखर म्हणून कधी विचारत नसे. मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, कुणाला न दुखवता, मागे दुरुस्तीला आलेले दोन पंखे ठेवून. त्या पंख्यांच्या मालकांनी ते परत न्यायला महिना लावला, आणि नेताना दोघांनीही मिक्सरवाल्या गृहस्थांसारखं रिकाम्या खुर्चीपुढे काहीतरी पुटपुटलं. काकीमा आता माझ्याकडेच जेवते. गीझरचं कार्ड मी काढलेलं नाही, आणि दहा मिनिटं थांबते.

यंदा तालमीआधी पेटीची खोबण पुन्हा सैल झाली. आता बघणारं कुणी नाही, म्हणून मीच बसले. आधी कान, मग नाक, मग डोळे. शेवटी बागबाजारच्या काकांचे ठसे मोडून पाठ उघडली. आतलं कार्ड दोन हातांचं होतं. टपोऱ्या निळ्या अक्षरात: 'दोष: खालच्या स्पीकरच्या तारा उलट. कारण: माझी बोटं.' त्याखाली बारीक, तिरप्या अक्षरात: 'उपाय: दर रविवारी येऊन चहा पिणे. साखर दोन चमचे. तक्रार न करता.'

मी पाठ लावली, स्क्रू आवळले आणि वार पाहिला. शुक्रवार होता.

रविवारी बागबाजारला गेले. दार उघडून त्यांनी सवयीने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावर दोन कप काढून ठेवलेले होते. म्हणजे काका गेल्यावरही हे दर रविवारी चालूच असावं. त्यांनी चहा गाळला, दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि कप माझ्यापुढे सरकवला.

मी चहात साखर घेत नाही. तो कप मी शेवटपर्यंत प्यायले, आणि काही बोलले नाही.